मरायला आलेला माणूस

माझा नवरा धर्मपाल शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी सकाळच्या बसने परत जायचा. मी अमरावतीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, तो अकोल्याला पाटबंधारे खात्यात. दोन गावांत दोन नोकऱ्या, म्हणून संसारही दोन गावांत. लग्न झालं तेव्हा सगळे म्हणाले, होईल बदली. बदलीची वाट पाहता पाहता मुलगी मोठी होऊन पुण्याला गेली, आम्ही दोघंही रिटायर झालो, आणि तरी तो शनिवारीच येत राहिला.

लिहिताना मी त्याला अरेतुरे करते. समोर 'तुमी' म्हणते. कुणाला खटकलं तर खटको.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात एका बुधवारी भर दुपारी फाटकाची कडी वाजली आणि हा माणूस दारात उभा दिसला, तेव्हा मी आधी कॅलेंडरकडे पाहिलं. हातात नेहमीचीच बॅग होती, पण फुगलेली. आत येऊन त्याने पाणी मागितलं, सगळं प्यायला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "भागी, मी काही आता जास्त दिवसाचा नाई. मले तुह्याजवळ राहू दे."

या बोलण्यातला शेवटचा भाग ऐकायला माझे कान किती वर्षं आसुसले होते, ते मलाच माहीत. पहिला भाग मला नको होता. पण दुकानदार चांगल्या आंब्यांत एक सडका घालतोच, तसं दोन्ही एकत्र पदरात पडलं.

झालं होतं असं. अकोल्याच्या पेन्शनर मंडळींनी मिळून संपूर्ण शरीर तपासणीचं एक पॅकेज घेतलं. त्यांचे पुढारी नत्थुजी. चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातले, नोकरीत धर्मपालच्या शेजारच्या टेबलावर, आणि आता उंटावरचे शहाणे. एकाने रक्त दिलं की बाकीच्यांनीही बाही वर करायची, असा या लोकांचा कायदाच आहे. सगळ्यांच्या रिपोर्टात थोडी साखर, थोडं कोलेस्टेरॉल निघालं. धर्मपालच्या रिपोर्टात मात्र 'कॅन्सर मार्कर' अशा मथळ्याखाली पिव्का नावाच्या एका प्रोटीनचा आकडा लाल झालेला होता. नॉर्मलच्या कितीतरी पट. नत्थुजींनी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं की हे प्रोटीन रक्तात वाढलं म्हणजे लिव्हरचा कॅन्सर. वर त्याच्या पाठीवर हात ठेवून, काळजी करू नको, असंही म्हणाले.

धर्मपालचे जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले होते. नवीन तरुण डॉक्टराने रिपोर्ट पाहिला, सोनोग्राफी करवली. लिव्हरवर चरबी आहे, गाठ काही दिसत नाही, पण हा आकडा बरा नाही, लिव्हरच्या तज्ज्ञाला दाखवा, असं सांगितलं. अमरावतीला नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई एक शनिवार आड येतात. त्यांचा नंबर लागला तो पुढच्या-पुढच्या शनिवारचा. मधले दिवस याने कुठे काढायचे? तर बायकोकडे.

आता प्रश्न असा की रिटायर होऊन चार वर्षं झालेला नवरा बायकोकडे राहायला यायला कॅन्सरच का लागावा.

राजापेठेच्या मागच्या गल्लीतलं हे घर माझ्या नावावर आहे. माझ्या पगारावर कर्ज काढून मी ते बांधलं. घरात पहिली बुद्धवंदना झाली, खीर झाली, त्या दिवशी माझ्या सासूबाई, पार्बताबाई, दोन वाट्या खीर खाऊन उठल्या आणि सगळ्यांच्या देखत पोराला म्हणाल्या की बायकोच्या घरात राहायला गेलास तर लोक तुला घरजावई म्हणतील. लोक हसले. धर्मपालही हसला. पण आमच्याकडच्या पुरुषाला 'घरजावई' हा शब्द एकदा टोचला की तो काट्यासारखा निघत नाही. त्या होत्या तोवर त्यांचं निमित्त होतं. त्या गेल्या, वर्ष सरलं, मला वाटलं आता येईल. पुढच्या शनिवारी तो आला, सोमवारी गेला.

मी 'राहा' म्हणाले नाही. का म्हणावं? बोलावणं पाहुण्याला करतात. आपल्याच माणसाला आपल्याच घरी या म्हणायचं, म्हणजे ते घर त्याचं नाही हे आपणच कबूल केल्यासारखं. तेव्हा मी फाटकात उभी राहून सांभाळून जा म्हणायची आणि आत येऊन घरभर बघायची, काही विसरलाय का. टॉवेल, चष्म्याची डबी, एखादी बनियान. विसरलेली वस्तू घ्यायला माणूस परत येतो, किंवा निदान फोन तरी करतो. पण पाटबंधारे खात्याचा माणूस तो. दात घासायचा ब्रशसुद्धा पुसून बॅगेत भरायचा. सोमवारी सकाळी माझं घर असं स्वच्छ असायचं, जसं काही कुणी आलंच नव्हतं. त्या स्वच्छतेचा मला फार राग यायचा.

आणि आता तो होता. बुधवारी होता, गुरुवारी होता, सोमवारी सकाळी बसची वेळ टळून गेली तरी होता. मी दुसरा चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून रडले. दुःखाने की आनंदाने, ते मला सांगता येणार नाही.

या माणसाची छाती वाजते, हे सांगायला हवं. चाळिशीच्या आत असताना नागपूरला त्याच्या हृदयाचा एक व्हॉल्व बदलून धातूचा बसवला. तेव्हापासून शांत खोलीत जवळ बसलं की मनगटी घड्याळासारखं टिकटिक ऐकू येतं. व्हॉल्ववर रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची एक गोळी, जन्मभर. आणि त्या गोळीला हिरव्या पाल्याचं वावडं. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, सगळं बंद. खाल्लं तर गोळी निकामी होते, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हिवाळ्यात वऱ्हाडात राहायचं आणि हरभऱ्याची भाजी खायची नाही, म्हणजे शिक्षाच. शनिवार-रविवार मीही पाला शिजवत नसे. त्याच्यासमोर मीच कशाला खायचा.

दुपारी जेवणं झाली की तो दिवाणावर लवंडायचा आणि मी खाली चटई टाकून पडायची. गल्ली झोपलेली असायची. ती टिकटिक ऐकत मला अशी गाढ झोप लागायची, जशी इतर दिवशी लागत नाही. जागी झाले की आधी कान लावायची. आहे ना, चालू आहे ना. मग त्या आवाजाखाली कुठेतरी तो आजार असणार हे आठवायचं.

पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, आता काय भ्यायचं, हरभऱ्याची भाजी कर. मी बाजारातून कोवळा पाला आणला. खुडताना हिरवा रस आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं. त्याने ज्वारीच्या भाकरीशी भाजी खाल्ली, पुन्हा मागितली, ताट बोटाने निपटून घेतलं. इतक्या वर्षांनी, म्हणाला, तोंडाला चव आली. दुसऱ्या दिवशी मेथी, तिसऱ्या दिवशी पालकाची डाळभाजी. मरणारा माणूस मागतोय, मी करतेय. गोळीचं काय, असं मी एकदा विचारलं, तर तो हसला आणि गोळी घेतली.

लोकांना वाटेल, आजारी माणूस म्हणजे पडून राहणार. हा तर कामालाच लागला. माझ्या शेजारी ट्यूशन क्लास आहे, त्या पोरापोरींच्या गाड्या माझ्या फाटकासमोर अशा लावलेल्या असतात की मला माझ्याच घरात शिरायला आडवं व्हावं लागतं. मी वर्षानुवर्षं ओरडत आले, पालथ्या घड्यावर पाणी. धर्मपाल दोन दिवस खुर्ची टाकून फाटकात बसला, पोरांची नावं विचारली, कोण मोर्शीचं, कोण कुठलं, कुणाच्या घरी किती संत्र्याची झाडं याची चौकशी केली, आणि तिसऱ्या दिवशी गाड्या आपोआप एका रांगेत लागल्या. गळका नळ बांधला. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं दार सरळ केलं. संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो, सावकाश, आणि ओळखीचं कुणी भेटलं की तो मला 'आमची' म्हणून सांगायचा, जशी काही मीच नवीन राहायला आले होते.

मरायला आलेला माणूस इतका टुणटुणीत कसा, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण प्रेमात पडलेल्या बाईला प्रश्न पडत नसतात. मी या वयात, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, पुन्हा त्याच्या प्रेमात पडले होते. आणि त्याची मला लाजही वाटायची. ज्या रोगाने तो जाणार होता, त्याच रोगाने तो मला मिळाला होता. असलं सुख कुणाला सांगणार?

मुलीला, दीपमालाला, फोन करते म्हटलं, तर त्याने हात धरून अडवलं. डॉक्टरांना दाखवू दे आधी, म्हणाला, पोरगी उगाच धावत येईल, मुंबईला चला म्हणेल. मी फोन खाली ठेवला. खरं सांगायचं तर मलाही तिला मधे आणायचं नव्हतं. हे दिवस माझे होते.

त्या रविवारी मी विहारात गेले. तिथे मागायचं नसतं हे मला चांगलं ठाऊक आहे, मीच पोरींना शिकवलंय. तरी वंदना झाल्यावर मी डोळे उघडले नाहीत. त्याला कॅन्सर नसू दे, असं म्हणाले, आणि त्याच दमात, तो जाऊ नये, असंही म्हणाले. मग लक्षात आलं की यातलं एक झालं तर दुसरं होणार नाही. पायरीवर चप्पल शोधताना मला काही दिसेना.

पुढे एका दुपारी त्याला अकोल्याहून फोन आला. तो अंगणात होता, बोलत बोलत फाटकाबाहेर गेला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाला, गॅसवाल्याचा, सिलेंडर घेऊन आला तर घराला कुलूप. त्या संध्याकाळी मी पुन्हा हरभऱ्याची भाजी केली होती. त्याने ताटातली वाटी हलकेच बाजूला सारली आणि म्हणाला, "नको बापा. आपल्याले चालत नाई ते." मला वाटलं, गेली भूक, आता आजाराने आत घर केलं. ती भाजी मी एकटीने उभ्या उभ्या खाल्ली आणि खाताना रडले. त्यानंतर त्याने पाल्याला हात लावला नाही.

शेवटी तो शनिवार आला. निघताना पाहिलं, तर त्याने बॅग भरून घेतली होती. म्हणाला, भरती केलं तर कामी पडेल. मला ते पटलं. रिक्षात मी त्याचा हात धरला होता, भर रस्त्यात, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टरीणबाईंचं नाव प्राजक्ता. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी, पण शांत. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी छातीवर नळी ठेवली. ठेवताच हसल्या. व्हॉल्व बदललाय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, कधीपासून, कुठली, सगळं. मग त्यांनी स्वतः सोनोग्राफी केली, सावकाश, पुन्हा पुन्हा फिरवून, आणि आम्हाला समोर बसवलं.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. रक्त गोठायला एक प्रोटीन लागतं, ते लिव्हर शिवतं, शिंपी ब्लाउज शिवतो तसं. शेवटी त्याला बटणं लावावी लागतात, आणि बटणं म्हणजे हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के. लिव्हरला कॅन्सर झाला तर शिंप्याचं डोकं फिरतं आणि तो बिनबटणांचे ब्लाउज बाहेर टाकत सुटतो. ही तपासणी रक्तातले तेच बिनबटणांचे ब्लाउज मोजते. पण रक्त पातळ करायची गोळी काय करते? ती बटणंच लपवून ठेवते. शिंपी शहाणा असला तरी ब्लाउज बिनबटणांचेच निघणार. म्हणून ही गोळी घेणाऱ्या माणसाची ही तपासणी करण्यात अर्थच नसतो, आकडा लाल येणारच. दुसरा एक मार्कर असतो, एएफपी म्हणून, त्यावर या गोळीचा काही परिणाम नाही. तो याच रिपोर्टात अगदी नॉर्मल होता, फक्त काळ्या अक्षरांत असल्यामुळे कुणी वाचला नव्हता. सोनोग्राफी स्वच्छ होती. थोडी चरबी आहे, तेलकट कमी खा, रोज चाला, गोळी सोडू नका. बस.

मी विचारलं, म्हणजे कॅन्सर नाही? त्या म्हणाल्या, नाही.

मी त्यांचे हात धरले आणि काय बोलले ते मला आठवत नाही. मग धर्मपालकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या लिव्हरच्या चित्राकडे बघत होता. जन्म परत मिळालेल्या माणसाने निदान मोठा श्वास तरी सोडावा. याने विचारलं एवढंच की पुन्हा दाखवायला यावं लागेल का.

अकोल्याच्या डॉक्टरांना गोळीचं सांगितलं नव्हतं का, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "पह्यल्यांदा नोतं सांगतलं. त्याइनं विचारलं औषध चालू हाय का, मी म्हटलं बीपी-शुगर काईच नाई."

त्या हसल्या. म्हणाल्या, सगळे असंच सांगतात. आणि ते खरं आहे. आमच्याकडे औषध म्हणजे बीपीचं नाहीतर शुगरचं. बाकी जे इतकी वर्षं रोज घेतो ते औषध थोडंच असतं, ते मिठासारखं झालेलं असतं. मीही हसले. पण 'पह्यल्यांदा' हा शब्द माझ्या कानात राहिला.

बाहेर आलो. दवाखान्यासमोर कडुलिंबाखाली रिक्षा उभ्या होत्या, ऊन छान पडलं होतं. मला वाटत होतं, कुठेतरी बसावं, गोड खावं, दीपमालाला फोन लावून रडावं. धर्मपालने बॅग खांद्याला लावली.

"बरं मंग," तो म्हणाला. "आता सगळं ठीक हाय, त मी अठूनच अकोल्याले निंगतो. शनिवारी येतो."

मी त्याच्या बॅगेकडे पाहिलं. भरती केलं तर कामी पडेल म्हणून आणलेल्या बॅगेत सगळंच्या सगळं होतं. दिवाणावरची त्याची शाल वरच कोंबलेली दिसत होती. दवाखान्यात भरती व्हायला माणूस शाल नेईल, पण अंगणात वाळत घातलेला टॉवेल ओलाच कशाला नेईल? तोही होता. आणि मग सगळं एकामागून एक समोर आलं. गॅसवाल्याचा फोन. त्याच संध्याकाळी बाजूला सारलेली वाटी. मरणारा माणूस हरभऱ्याची भाजी मागून खातो. जगणारा माणूस म्हणतो, आपल्याला चालत नाही.

"पह्यल्यांदा नाई सांगतलं," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा कवा सांगतलं?"

त्याने बॅगेचा पट्टा सारखा केला. मी पुन्हा विचारलं. मग त्याने बॅग खाली ठेवली आणि सांगितलं. त्या तरुण डॉक्टराने तज्ज्ञाला दाखवण्याआधी जुने कागद मागवले होते, याने व्हॉल्वच्या फाइलचे फोटो पाठवले, आणि डॉक्टराने फोन करून माफी मागितली. गोळीमुळे आकडा वाढलाय, म्हणाला, बहुतेक काही नाही, तरी नंबर लागलाच आहे तर दाखवून टाका. हे सगळं याला तेव्हापासून माहीत होतं. मी ताटावर रडत होते तेव्हाही. रोज दुपारी जागी होऊन मी त्याच्या टिकटिकीला कान लावत होते, तेव्हाही.

मी सभ्य बाई आहे. तीस वर्षं पोरांना शिकवलंय. त्या कडुलिंबाखाली मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. दोन रिक्षावाले बिडी पिता पिता थांबले, एवढं सांगते. माझे डोळे पुसायचे सोडून तू मजा पाहत बसलास, असं काहीतरी म्हणाले. तुमी नाही, तू. जन्मात पहिल्यांदा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रोज सांगाचं ठरवत होतो, भागी. रोज तू चहा घेऊन माह्याजवळ येऊन बसत होती. सांगतलं असतं त उठून गेली असती."

"अन् आता चालले?"

"आता बरा हाय ना मी."

राग होताच, पण रागाच्या खाली जे इतकी वर्षं साचलं होतं तेही सोबत वर आलं. "मराले माहं घर चालते," मी म्हणाले, "अन् जगाले नाई?"

त्याने मान खाली घातली. पांढरे झालेले केस, कानशिलावरची शीर. म्हातारा झालाय हे मला त्या क्षणी दिसलं. मी त्याला तरुण असल्यापासून फक्त शनिवार-रविवारी पाहिलं होतं.

"मराले यायचं त कोनाले विचाराव लागत नाई," तो म्हणाला. "जगाले यायचं त कोनी 'ये' म्हनाव लागते. तू फाटकात उभी राहून दर सोमवारी सांभाळून जा म्हनत होती. मी दर सोमवारी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून मागं पाहत होतो. तू आत गेलेली राहे."

मी आत गेलेली असे, हे खरं. आत जाऊन मी त्याची विसरलेली वस्तू शोधत असे. तो कोपऱ्यावर हाक येते का म्हणून थांबलेला, आणि मी आत एखादी बनियान सापडते का म्हणून दिवाणाखाली वाकलेली. इतके सोमवार. मला हसूही येईना आणि रडूही येईना. सासूबाई बिचाऱ्या खीर खाऊन एक वाक्य बोलून मोकळ्या झाल्या होत्या, आम्ही दोघं शिकलेसवरलेले त्यावर आयुष्य काढून बसलो.

मला अजूनही वाटत होतं की बोलावणं करणं म्हणजे त्याला पाहुणा करणं. पण समोर बॅग खाली ठेवून तो उभा होता, आणि बस दर अर्ध्या तासाला असते. मी पदर नीट केला. विहारात वडीलधाऱ्या माणसांशी बोलतात तशी बोलले.

"धर्मपालजी," मी म्हणाले, "माह्या घरी राहाले या."

त्याने मान वर केली. डोळे भरले होते, पण स्वभाव कुठे जातो. पाहुण्याने विचारावं तसं त्याने विचारलं, "कितीक दिवस?"

"मरेपर्यंत," मी म्हणाले.

बिडी पिणाऱ्या रिक्षावाल्याने बिडी टाकली, बॅग उचलून मागे ठेवली आणि आम्ही बसल्यावर विचारलं, कुठी जाचं हाय. मी सवयीने तोंड उघडलं. पण धर्मपाल पुढे वाकला होता. घराचा पत्ता त्याने सांगितला.